डावी लाट

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
नवीन वर्षाचे संकल्प मुद्दाम पाचव्या दिवशी लिहितोय. लोक एक तारखेला उत्साहात लिहितात आणि तीन तारखेला मोडतात. मी मोडायची तारीख आधी उलटू दिली.
रोज साडेपाचला उठणे. आज सहा पस्तीस झाले, पण बाहेर उणे चौदा होतं, ते धरलं तर वेळेतच. गोड बंद. गाण्याचा रियाज परत सुरू. रोजनिशी रोज.
सध्या घरीच असतो. सव्वीस वर्षं गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट डिझाइन केले. नोव्हेंबरमध्ये वाटलं, आता पुरे. कंपनीलाही त्याच आठवड्यात तसंच वाटलं, हा योगायोग. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर ‘कन्सल्टिंग करतो’ म्हणायचं, असं नीलाला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, अजून कुणी विचारलेलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार
नीला लायब्ररीत काम करते, तिथून एक पत्रक घेऊन आली. आमच्या नोव्हाय गावापासून चाळीस मिनिटांवरचं एक कॉलेज मार्चमध्ये इटालियन ऑपेरा करतंय. तीनशे वर्षांपूर्वीचा, आणि तीनशे वर्षांपूर्वी करायचे तसाच. पडदे, यंत्रं, हातवारे, सगळं त्या काळचं. कोरससाठी आसपासचे हौशी लोक हवेत. नीला म्हणाली, बघ जमतंय का, दिवसभर भांड्यांची कपाटं लावत बसतोस त्यापेक्षा बरं.
मी कपाटं लावत नाही, ऑप्टिमाइझ करतो. पण पत्रक ठेवून घेतलं. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नाट्यगीत गायलो होतो. उत्तेजनार्थ बक्षीस. एक परीक्षक नंतर म्हणाले होते की असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

११ जानेवारी, रविवार
चार दिवस खंड. रियाजामुळे. रियाज दोनदा झाला. तिसऱ्यांदा शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला आणि त्याला आवरायला शेजारी बाहेर आले, त्यांना एवढ्या थंडीत उभं करणं बरं दिसेना.
फोनवर इटालियनचं ॲप घेतलंय. आत्तापर्यंत ‘मुलगा सफरचंद खातो’ आणि ‘माझी काकू गाडी चालवते’ एवढं येतं. ऑपेरात कुणाची तरी काकू असणारच.
लेकीला, अबोलीला, मॉरिसव्हिलला फोन केला. बाबा ऑपेराची ऑडिशन देणार म्हटलं. ती म्हणाली, दॅट्स सो क्यूट, बाबा. तिच्या पिढीत क्यूट म्हणजे नक्की काय ते विचारून घ्यायला हवं.

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी
ऑडिशन दिली. उत्तम. प्रत्येकाला तीन मिनिटं होती, मला अकरा लागली. पियानोवाला सुरुवातीला माझी पट्टी शोधत होता, मग त्याने झाकण लावलं आणि नुसतं ऐकत बसला. दिग्दर्शिका मेरेडिथ, वय पस्तीसच्या आसपास, सगळा वेळ काहीतरी लिहीत होती. इतकं लिहिण्यासारखं बाकी कुणाच्या गाण्यात नव्हतं.
नायकाच्या भूमिकेबद्दल विचारलं. मेरेडिथ म्हणाली, त्या काळी नायकाचा आवाज इतका उंच लागायचा की मुलं वयात येण्याआधीच त्यांना शस्त्रक्रियेने नपुंसक करत. आता ती भूमिका एक बाई गाते. अगदी तीनशे वर्षांपूर्वीसारखंच करायचं म्हटलं तर, एवढं बोलून ती थांबली. मी लगेच कोरसचा विषय काढला.
शेवटी तिने विचारलं, तुमचे खांदे कसे आहेत? म्हटलं, मजबूत. त्या काळच्या अभिनयात हातवाऱ्यांना फार महत्त्व असे, तो संदर्भ असावा.

२१ जानेवारी, बुधवार
निवड झाली. ईमेलमध्ये ‘मशीन क्रू, वेव्ज’ असं आहे. म्हणजे लाटांची भूमिका. नीला खांद्यावरून वाचत होती, म्हणाली, भूमिका कुठे, यंत्र फिरवायचं काम आहे ते. तिला ऑपेराची सवय नाही. ज्या नाटकात राजकन्येचं जहाज बुडतं, त्यात समुद्रापेक्षा मोठं पात्र कुठलं असणार.
मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘माझी इटालियन ऑपेरासाठी निवड झाली आहे.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे. बासष्ट अंगठे आले. मंडळाचा अध्यक्ष यतीन, चाळिशीतला उत्साही माणूस, त्याचा लगेच फोन. काका, आपण सगळे येणार.

३१ जानेवारी, शनिवार
पहिली तालीम. बर्फामुळे जायला सव्वा तास लागला. खांदे आत्तापासूनच दुखतायत.
समुद्र असा आहे. बारा-बारा फुटांचे लाकडी दंडगोल आडवे टाकलेले, त्यांना पीळ दिलेला, निळा रंग, वर पांढरा फेस. हँडल फिरवलं की पीळ सरकत जातो आणि समोरून लाट चालल्यासारखी दिसते. एक दंडगोल डावीकडे जातो, एक उजवीकडे. मध्ये रंगवलेला खडक. त्या खडकामागे दोन स्टुलं, त्यावर दोन माणसं पाठीला पाठ लावून. डावी लाट माझी.
खडक स्टेजच्या बरोबर मध्यभागी आहे. म्हणजे मी स्टेजच्या बरोबर मध्यभागी आहे. हे घरी सांगितलं. नीला म्हणाली, खडकामागे ना? काही लोकांना अर्धा पेला रिकामाच दिसतो.
उजवी लाट डेलची. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी कारखान्यात डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायचा. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं डेल म्हणायला जीभ वळत नाही, पण डेलकाका म्हटलं तर तो वळून बघत नाही. फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, गाणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही. शांत समुद्र असेल तेव्हा एका फेरीला चार मात्रा, वादळात दोन. चुकलास तर माझा श्वास ऐक.

७ फेब्रुवारी, शनिवार
बाकीची यंत्रंही पाहिली. दोन्ही बाजूंचे रंगवलेले पडदे खोबणीतून सरकतात. तळघरात एकच मोठं चाक आहे, ते फिरलं की सगळे पडदे एकदम बदलतात. जंगलाचा राजवाडा होतो. छतावरच्या लाकडी पन्हाळीतून तोफेचे गोळे सोडतात, तो मेघांचा गडगडाट. शेवटी समुद्रदेव ढगात बसून खाली उतरतो, तो ढग दोराने आणि वजनाने चालतो. मेणबत्त्या मात्र बॅटरीच्या आहेत, आगीच्या नियमांमुळे.
मेरेडिथ म्हणाली, तेव्हा प्रेक्षागृहात दिवे चालूच असत. लोक उशिरा यायचे, खायचे, गप्पा मारायचे, आवडतं गाणं आलं की तेवढ्यापुरतं ऐकायचे. मला आमच्या मंडळाची आठवण झाली.
माझ्या लाटेचा दंडगोल करकरतो. मी बॉल बेअरिंग घालायचं डिझाइन करून नेलं होतं, अकरा पानं, तीन पर्याय. मेरेडिथ म्हणाली, ती करकर तीनशे वर्षांपूर्वीची आहे, राहू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार
थकलो आहे. आठवड्यातून चार तालमी. वादळ सहा मिनिटं चालतं, नंतर हात खांद्यापासून वेगळा वाटतो. गोड बंद होतं, पण अशा कष्टाला साखर लागते, म्हणून फक्त तालमीच्या दिवशी. रियाज स्थगित. माझी भूमिका मूक असल्याने सध्या त्याची निकड नाही.
मधल्या सुट्टीत डेलने सँडविच खाताना सांगितलं, त्याची बायको जॉइस याच थिएटरात बावीस वर्षं कपडे शिवायची. आता केअर होममध्ये असते, बऱ्याच गोष्टी विसरते. शेवटच्या रविवारी, बावीस मार्चला, दुपारच्या खेळाला ते लोक तिला व्हीलचेअरवरून आणणार आहेत. डेलला तेव्हा खडकामागे असायचंय. तिला कळणार नाही, म्हणाला, पण मला कळेल.
ऐकून वाईट वाटलं. मग मी त्याला परीक्षक माझ्या आवाजाबद्दल काय म्हणाले होते ते सांगितलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
यतीनने पंधरा मार्चच्या दुपारच्या खेळाची अडतीस तिकिटं काढली. दोन व्हॅन करून येणार. त्याने विचारलं, काका, तुमचा कॉस्च्यूम कसला, ओळखायचं कसं? मी म्हटलं, समुद्रातच बघा. खोटं काहीच नाही. तो म्हणाला, म्हणजे समुद्राचा देव? तेवढ्यात दारावर पार्सल आलं म्हणून फोन ठेवावा लागला.
पार्सल नीलाच्या बुटांचं होतं. बरोबर झाले.

३ मार्च, मंगळवार
मेरेडिथला विचारलं, शेवटी सगळे नमस्काराला येतात तेव्हा लाटांनी कुठे उभं राहायचं? ती म्हणाली, लाटांनी खडकामागेच बसायचं. त्या काळी यंत्रावरची माणसं कुणाला दिसत नसत, समुद्र आपोआप हलतोय असं वाटणं हीच तर सगळी जादू. मी सुचवलं, खडकाला एक छोटी फट ठेवली तर. ती म्हणाली, त्र्यंबक, नाही. माझं नाव तिला आता छान जमतं.
ती तरुण आहे. प्रेक्षकांशी नातं जोडण्याचं महत्त्व तिला हळूहळू कळेल.

१३ मार्च, शुक्रवार
पहिला खेळ झाला. प्रचंड टाळ्या. साधारण निम्म्या वादळाला असाव्यात.
लिहिण्यासारखं एकच. आतून समुद्र निळा नसतो. मागच्या बाजूला नुसतं लाकूड, खिळे, पेन्सिलीने लिहिलेली मापं. दोन तासांत मला दिसतो तो खडकाचा आतला भाग आणि माझं हँडल. डेलची पाठ पाठीला लागलेली असते, वादळात ती गरम होते. बाकी गाणं वरून कुठूनतरी येतं.
खांद्याला नीलाने शेक दिला. म्हणाली, बाकीचे सगळे तुझ्यावर विसंबून आहेत, जप. बरं वाटलं.

१५ मार्च, रविवार. सकाळी १०
योजना पक्की. शेवटचं दृश्य म्हणजे शांत समुद्र, चार मात्रांची संथ फेरी. ती दीड मिनिटं डेल सांभाळू शकतो, डावी लाट थांबली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मी लाटेमागून सरपटत डावीकडच्या पडद्यांपर्यंत जायचं आणि नमस्काराच्या रांगेत टोकाला उभं राहायचं. क्रूच्या काळ्या टी-शर्टच्या आत सिल्कचा झब्बा घालतोय.
डेलला आधी सांगणार नाही. उगाच टेन्शन घेईल.
मंडळासाठी म्हणून कालच प्रोग्रॅमच्या छापील पुस्तिकांचे दोन गठ्ठे आणून गाडीत ठेवलेत. गर्दीत हरवायला नकोत. त्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘लाटा’ आणि पुढे आमची दोघांची नावं आहेत.

तोच दिवस. संध्याकाळी ६
योजना नव्वद टक्के यशस्वी.
मी सरपटायला सुरुवात केली तेव्हा देवाचा ढग उतरत होता. ढग उतरतो तेव्हा समुद्र एकदा जोरात उसळतो, हे मला माहीत आहे, वीसेक तालमी केल्यात. फक्त तेव्हा लक्षात नव्हतं. मागे वळून पाहिलं तर डेल स्टुलावरून उठून एका हाताने त्याचं हँडल आणि दुसऱ्या हाताने माझं फिरवायला बघत होता. दोन हँडलांमध्ये चार फूट अंतर आहे. परत फिरावं असं मनात आलं. पण झब्बा एका खिळ्यात अडकला होता, आणि पुढे जाणं मागे जाण्यापेक्षा जवळ होतं.
रांगेत पोचलो. टी-शर्ट काढला. एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात स्टेज मॅनेजरने मागून झब्बा धरला. म्हणजे प्रेक्षकांना मी साधारण अर्धा दिसलो. आमचे अडतीस लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बघत मात्र देवाकडे होते. तो मुखवट्यात होता. नमस्कारही मुखवटा घालूनच करतात, त्या काळी तशी पद्धत होती.
लॉबीत सगळ्यांनी गराडा घातला. यतीन म्हणाला, काका, काय आवाज लावलाय, अंगावर काटा आला. मंडळातल्या शुभामावशींनी डोळे पुसले. मी फक्त धन्यवाद म्हणालो. हा शब्द कुठल्याही गोष्टीला चालतो.
शनिवारी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात माझा सत्कार आहे. दोन ओळी म्हणा म्हणाले. मी म्हटलं, शनिवारी माझा खेळ आहे, येता येणार नाही. हळहळले.
 घरी पोचून गॅरेजमध्ये शिरताना नीलाने विचारलं, तुझी लाट थांबली तेव्हा तो म्हातारा एकटाच होता का रे?

१६ मार्च, सोमवार
मेरेडिथचा फोन. डेलच्या पाठीत उसण भरली आहे, डॉक्टरांनी पंधरा दिवस काही फिरवायचं नाही सांगितलंय. मी विचारलं, मग मी एकटा दोन्ही कसं करू? ती म्हणाली, तुम्हीही विश्रांती घ्या. दोन विद्यार्थिनी शिकतायत लाटा.
मी म्हटलं, दोन महिन्यांचा सराव चार दिवसांत येत नाही. ती म्हणाली, बघू. रागावली नव्हती. दमलेली वाटली.

१७ मार्च, मंगळवार
त्यांचा परत फोन येईल. फोन चार्ज करून ठेवलाय.

१८ मार्च, बुधवार
फोन आला. गाडीची वॉरंटी वाढवून हवी का, असं विचारत होते.
एक गोष्ट आत्ता लक्षात आली. खेळ नाही म्हणजे शनिवार मोकळा. मोकळा म्हणजे पाडव्याला न जायला कारण नाही. घसा बसलाय असं सांगावं. आजपासून हळू बोलायला सुरुवात केली. नीलाने दोनदा ‘काय?’ विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा
डेकवर गुढी उभारली. रेलिंगवर अजून बर्फ आहे. नीलाने काल रजा घेऊन श्रीखंड केलं होतं. नैवेद्य झाल्यावर तिने एका डब्यात श्रीखंड भरलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, जा. कुठे, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
डेलचं घर लहान आहे, एकमजली. तो आरामखुर्चीत पाठीला गरम पिशवी लावून बसला होता. उठायला लागला, मी बसा म्हटलं, मराठीतच म्हटलं, पण त्याला कळलं. श्रीखंड त्याने दोन चमचे खाल्लं. हे दही आहे यावर त्याचा विश्वास बसला नाही.
मी बरंच ठरवून गेलो होतो. ढगाचा दोर आदल्या दिवसापेक्षा लवकर सुटला, खिळे नीट ठोकलेले नव्हते, वगैरे. त्याने एकच विचारलं. त्यांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या का?
म्हटलं, नाही.
तो म्हणाला, अरेरे. मनापासून म्हणाला. 
रविवारी जॉइसला आणायचं ठरलेलंच आहे, व्हॅनही सांगून ठेवली आहे. ती प्रेक्षकांत बसणार. डेलला गाडी चालवायची मनाई आहे, टॅक्सीत चढउतार जमत नाही, त्यामुळे तो जाणार नव्हता. मी म्हटलं, मी नेतो. माझ्या गाडीच्या सीट उंच आहेत, चढायला सोप्या. तो म्हणाला, बारा वाजता ये.
निघताना मी सॉरी म्हणालो. आधी म्हणायला हवं होतं, पण आधी सुचलं नाही.

२१ मार्च, शनिवार. दुपारी ४
पाडव्याचा कार्यक्रम झाला. शाळेचं कॅफेटेरिया, साडेतीनशे लोक. गळ्यात मफलर गुंडाळून गेलो. शाल, श्रीफळ. यतीनने माइकवर सांगितलं, अमेरिकेतल्या ऑपेरात गाणारे आपल्या मंडळातले पहिले कलाकार. मग माइक माझ्या हातात दिला. दोनच ओळी, काका.
घशाचं वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं. समोर तिसऱ्या रांगेत नीला बसली होती. रागाने नाही, कसल्याच नजरेने नाही. पर्स मांडीवर घेऊन, एखादी बाई डॉक्टरकडे नवऱ्याचा नंबर यायची वाट बघते तशी.
मी म्हणालो, मी गायलो नव्हतो. मी लाट फिरवत होतो.
आवाज एकदम खणखणीत आला. मफलर उगाच घातला असं झालं.
यतीनला वाटलं मी विनोद करतोय. हसला. मग थांबला आणि त्याने विचारलं, कुठली लाट?
डावी.
मागून कुणीतरी विचारलं, ती मध्येच थांबली ती?
मी म्हटलं, हो, तीच.
 मग शुभामावशी म्हणाल्या, अहो, पण थांबेपर्यंत छान चालली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडेतीनशे माणसांच्या टाळ्या, पण कशासाठी ते कुणालाच, मलाही, सांगता आलं नसतं. पुढचा कार्यक्रम मुलांचं लेझीम होता, तो लगेच सुरू झाला. शाल परत मागितली नाही.
जेवणाच्या रांगेत यतीन म्हणाला, काका, आधी सांगायचं ना, आम्ही लाटच बघितली असती. मी म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, पुरी घ्या. मी घेतली. गाडीतले प्रोग्रॅम त्याला देऊन टाकले, अडतीसच्या अडतीस.
घरी येताना नीला म्हणाली, दमलास. मी म्हटलं, हो. नोव्हेंबरपासून दमलोय. तिने रेडिओ बंद केला. मी बोललो थोडा वेळ, नोकरीबद्दल. ते इथे लिहीत नाही.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
बारा वाजता डेलला घेतलं. चाळीस मिनिटांना पंचावन्न लागली, कारण प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू केली.
जॉइस व्हीलचेअरवर आधीच आली होती. लहानखुरी बाई, केस नीट विंचरलेले. डेलकडे बघून ओळखीचं हसली, पण नाव घेतलं नाही. तो तिच्या शेजारी, मी त्याच्या शेजारी. नीलाला रिकामी खुर्ची मागच्या रांगेत मिळाली.
हा ऑपेरा मी आज पहिल्यांदा पाहिला.
जॉइसचं लक्ष फक्त कपड्यांकडे होतं. राजकन्या आली की ती डेलच्या बाहीला हात लावून सांगायची, झग्याची किनार डावीकडे उतरली आहे. खरोखरच उतरली होती.
मग पडदे सरकले आणि समुद्र आला.
काय लिहू. मला तो लाकडाचा माहीत होता. खिळ्यांचा, पेन्सिलीच्या मापांचा. समोरून तो समुद्र होता. लांब कुठेतरी सुरू व्हायचा आणि आपल्याकडे यायचा, फेस वर यायचा, फुटायचा. बॅटरीच्या मेणबत्त्या त्यावर हलत होत्या. डावी लाट कुठे संपते आणि उजवी कुठे सुरू होते ते मी शोधत होतो. सापडलं नाही. मध्ये एक खडक होता, त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं.
करकर ऐकू येत होती. ती जहाजाची वाटत होती.
वादळ सुरू झालं तेव्हा माझा हात मांडीवर आपोआप फिरायला लागला. मला कळलंच नाही. डेलने स्टेजवरची नजर न काढता माझं मनगट धरलं आणि हळू केलं. मी फार पुढे पळत होतो. आम्ही दोघांनी उरलेलं वादळ तसंच काढलं.
ढग उतरला, समुद्र उसळला, दोन्ही बाजूंनी सारखा. जॉइस पहिल्यांदाच कपडे सोडून दुसरीकडे बघत होती. तिने विचारलं, ते कोण करतंय? डेल म्हणाला, दोन मुली आहेत. ती म्हणाली, छान करतात.
छान करत होत्या. चार दिवसांत शिकलेल्या, आणि माझ्यापेक्षा चांगल्या. हे इथे लिहून ठेवतो. मेरेडिथला कळवायची गरज नाही, तिला माहीत असणार.
नमस्काराला सगळे आले, त्या दोघी आल्या नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. खांदा दुखत होता, तरी बऱ्यापैकी वाजवल्या.
व्हॅनची वाट बघताना जॉइसने माझ्याकडे बोट दाखवून डेलला विचारलं, हे कोण? डेलने जरा विचार केला. म्हणाला, यांनी मला गाडीतून आणलं.
ती म्हणाली, थँक यू.
मी म्हटलं, काही विशेष नाही. पहिल्यांदाच मोजून मापून बोललो बहुतेक. मग डेलला धरून गाडीत बसवलं, सीट जरा मागे सरकवली, आणि आम्ही निघालो.